टायरची चमक पुसणारा माणूस

इंदिरानगरमधल्या आमच्या वॉशिंग सेंटरवाल्याइतका हेकट माणूस मी पाहिलेला नाही. गाडी धुतली की आधी टायर कोरडे ठाक करणार. मग स्पंजावर पॉलिशचे दोनच थेंब घेऊन चोळत बसणार. वर दहा मिनिटं थांबायचं, आणि शेवटी फडक्यानं सगळी चमक पुसून टाकायची!

"अहो, चमकावं म्हणूनच लावतो ना आपण?"

"टायर काळं दिसलं म्हणजे झालं, साहेब. ओलं कशाला दिसायला पाहिजे?"

दसऱ्याला माझा संयम संपला. पूजेला गाडी झळकायलाच हवी म्हणून मी अंबडला दुसऱ्याकडे गेलो. त्यानं टायर तेलात बुडवल्यासारखे चकाकवले. घरी येईपर्यंत पांढऱ्या दारांवर काळे शिंतोडे उडाले होते, आणि चाकाखाली लिंबू ठेवताना बायकोची नवी साडीही बरबटली.

दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आमच्या इंदिरानगरवाल्याकडे गेलो. त्यानं दारं बघितली, टायरवर बोट फिरवलं आणि ते फडक्याला पुसलं. मी टोमण्याची वाट बघत उभा.

"बसा. दहा मिनिटं लागतील," एवढंच म्हणाला.

त्यानं एक टोमणा तरी मारायचा होता! निदान मला भांडता तरी आलं असतं.