तीन दिवसांची दुपार

माझी मोठी माय तापीबाई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चौदाव्या वर्षी लग्न होऊन आमच्या घरात आली आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. तेव्हा सासूने तिला सुरतेच्या महाराजांकडून वैष्णव दीक्षा देववली आणि घरातला पितळी लालजी तिच्या ओटीत घातला. वीतभरही नाही एवढा रांगता बाळकृष्ण. त्या दिवसापासून ती त्याची आई झाली.

आई म्हणजे खरोखरीची आई. पहाटे हलकी घंटी वाजवून त्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, थंडीत बंडी, उन्हाळ्यात वाळ्याचं पाणी. दुपारी जेवण, मग झोप. उन्हं कलली की पुन्हा उठवून फळं, रात्री दूध. तो जेवल्याशिवाय ती पाण्याशिवाय काही तोंडात घालत नसे. तिच्या वेळा इतक्या नेमक्या की आमचे सालदार बैल सोडायचे ते तिच्या घंटीवर. मला या सगळ्याचा वैताग यायचा. दारात पाहुणा उपाशी बसलेला, आणि आत लालजीच्या वरणात मीठ किती याचा विचार चाललेला. पण बोलायची सोय नव्हती, कारण माझी आई गेल्यावर याच बाईने मलाही त्याच हातांनी वाढवलं होतं.

तर ही गोष्ट छत्तीस सालच्या भादव्यातली. तापीच्या पलीकडच्या तीरावर मोठ्या मायच्या बहिणीला नात झाली होती. मोठी माय चाळीस वर्षांत कुठे रात्रीची राहिली नव्हती, पण बहीण आजारी होती, बोलावणं दोनदा आलं होतं. तिने हिशेब केला, की मंगळवारी लालजीला जेवू घालून निजवायचं, दिवाल्या नावाड्याच्या होडीने पलीकडे जायचं आणि तो उठायच्या आत परत यायचं. देवघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि गेली.

वर सातपुड्यात कुठेतरी ढगफुटी झाली असावी. तिसऱ्या प्रहरी नदी अशी फुगली की दिवाल्याने होडी काढून झाडाला बांधली आणि हात वर केले. तीन दिवस तो पूर उतरला नाही. आम्ही अलीकडे, ती पलीकडे, आणि किल्ली तिच्या कमरेला. कुलूप तोडता आलं असतं, पण तोडून उपयोग काय? घरात दीक्षा घेतलेलं दुसरं कोणी नव्हतं. आम्ही कोणी लालजीला हात लावलेला तिला चालला नसता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती आली. तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढलेले. तिने कुलूप उघडलं, दार बोटभर लोटून आत पाहिलं आणि परत ओढून घेतलं. मग उंबऱ्याशी बसली. वडील म्हणाले, वहिनी, आंघोळ करा, उठवा त्याला, तुम्हीही दोन घास खा. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"लालजी निजेल शे. बारीक बोला."

तिचं म्हणणं आम्हाला दुसऱ्या दिवशी उमगलं. जोवर घंटी वाजत नाही, तोवर लालजीसाठी ती मंगळवारची दुपारच होती. वाजवली की तीन दिवसांची भूक एकदम उभी राहणार. म्हणून ती दुपार तिने तशीच धरून ठेवली. पण तो निजलेला तोवर तीही जेवणार नाही. आमच्या घरात सगळे कुजबुजू लागले. बैलांच्या घुंगरमाळा काढल्या, जातं बंद, माझ्या बायकोने पोरांना मळ्यात पाठवून दिलं. हसावं की डोकं आपटावं ते मला कळेना.

गावात मिश्रीलाल म्हणून जैन दुकानदार होता. सूर्य बुडायच्या आत जेवणारा, घड्याळ लावून प्रार्थनेला बसणारा. तो समजूत घालायला आला. म्हणाला, बाई, देव भुकेच्या पलीकडे गेलेला असतो, काळ त्याला शिवत नाही. तिने विचारलं, मग तू घड्याळ कशाला बघतोस? तो म्हणाला, ते माझ्यासाठी, देवासाठी नाही. तिने देवघराच्या दाराकडे बोट केलं.

"त्याले भूक लागनी व्हई, ते मी पापी. नही लागनी व्हई, ते मी चाळीस वरीस कोणले जेवाडं?"

वडील गाडी जोडून शहाद्याला गेले आणि एका जाणत्या शास्त्रीबुवांना विचारून आले. शास्त्रीबुवांनी सांगितलं, देव काळाच्या बाहेरही आहे आणि भक्तासाठी काळाच्या आतही येतो. दोन्ही खरं. वडील खूश होऊन परतले, त्यांना वाटलं मिटलं प्रकरण. मोठ्या मायने सगळं नीट ऐकून घेतलं.

"दोन्हीकडे शे ना तो? मंग ह्या तीन दिन कोठे व्हता?"

मला पहिल्यांदा वाटलं, हा हट्ट नाही. मीही रात्रभर तेच घोकत पडलो. तो बाहेर असेल तर तिचं आयुष्य फुकट, आत असेल तर तिच्या माथी पाप, आणि दोन्हीकडे असेल तर दोन्ही. यातून सुटका कुठे होती ते मला अजूनही माहीत नाही.

तिला येऊन चार दिवस झाले. तिचा आवाज बसला, डोळे खोल गेले, बसल्या जागी झोकांड्या जाऊ लागल्या. ही बाई आता मरणार हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे कुजबुजत होते. दुपारी मी निंदणीवरून घरी आलो. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. बायकोने भाकर आहे हे सुद्धा हातवारे करून सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. चिखलाच्या पायांनी मी देवघराचा उंबरा ओलांडला, घंटी उचलून जोरात वाजवली, पांघरूण काढलं आणि लालजीला उचलून तिच्यासमोर धरला.

"उठना तो," मी म्हणालो. "भुक्या शे."

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. वाटलं, आता ही शाप देईल नाहीतर जागीच प्राण सोडेल. तिने लालजीकडे पाहिलं. मग भिंतीला धरून उठली, विहिरीवर गेली, ओलेत्याने परत आली, माझ्या हातून त्याला घेऊन पाटावर बसवलं आणि चूल पेटवली. जेवण एकाच वेळचं केलं. ते मंगळवारचं की आजचं हे विचारायची माझी छाती झाली नाही.

नैवेद्य झाल्यावर तिने प्रसादाचं ताट पुढ्यात घेतलं, पण हात लावला नाही. मला जवळ बोलावलं.

"मगन, तू उचला तवय तो कसा लागना? गरम का गार?"

शाळेतल्या मास्तरांनीही मला कधी इतकं अडवलं नव्हतं. गार म्हणालो असतो तर ती निर्दोष होती. चाळीस वर्षं पितळेला न्हाऊ घातलं, एवढंच. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"गरम व्हता," मी म्हणालो.

तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. "मंग भुक्याच व्हता मन्हा लालजी," ती म्हणाली, दोन्ही हातांनी आपल्या थोबाडीत मारून घेतल्या, लालजीची माफी मागितली आणि मग भाताचा पहिला घास तोंडात घातला. रडत होती आणि खात होती. तिच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरच्या अकरा वर्षांतही पाहिलं नाही.

लालजी गरम होता हे खरं आहे. पण मी तासभर उन्हात विळा चालवून आलो होतो, माझेच हात तापलेले होते. ती ऊब कोणाची, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.