आत्याचा सोमवार

मोबाईल सारखा ओरडतो, 'स्टोरेज फुल्ल!' मी माझ्या लग्नातले फोटो उडवले, पण घरच्या ग्रुपवरचं काही उडवायला हात धजत नाही. दर सोमवारी त्यात भर पडते, करता काय!

हे सगळं सुरू केलं सुशीलाआत्यानं. राहते नळदुर्गला, वय अडुसष्ट. तिनं एकदा जाहीर केलं, "दर सोमवारी सकाळी परत्येकानं एक हसायचं टाकायचं आन् एक घरातली आठवण. आठवडा रडत सुरू करायचा न्हाय!"

*

ग्रुपचे अॅडमिन आमचे मोठे काका, आत्याचे थोरले भाऊ. रिटायर हेडमास्तर. लोहाऱ्यात आमच्या शेजारीच घर. त्यांनी लगेच फतवा काढला, "ग्रुपवर फालतू पोस्ट टाकू नयेत. घराण्याची अब्रू असते."

पाचच मिनिटांत आत्याचा व्हिडिओ आला. कुठल्याशा समारंभात पाहुणे भाषण करतायत आणि एक शेळी मागून त्यांच्या गळ्यातला हार खातेय!

काकांनी विचारलं, "सुशीला, हे काय आहे?"

आत्याचा व्हॉइस मेसेज, "शेळी हाय दादा. वळखली न्हाय व्हय?"

*

काकांनी आत्याला ग्रुपमधून काढलं. आत्यानं दुपारपर्यंत नवा ग्रुप काढला आणि सगळ्यांना तिकडं ओढलं. जुन्या ग्रुपवर दोघंच उरले. काका, आणि काकांचा दुसरा नंबर!

तीन आठवडे काका स्वतःलाच गुड मॉर्निंग पाठवत होते. चौथ्या सोमवारी मला म्हणाले, "तिला म्हणावं, घे मला."

आत्यानं घेतलं. काकांची पहिली पोस्ट, 'कोमट पाणी पिण्याचे अकरा फायदे'.

आत्या म्हणाली, "ह्यात हसायचं कुठं?"

*

माझी आई लिहिते कमी, पण एका सोमवारी तिनं लिहिलं.

लग्नानंतर ती सायकलवर शेतात जेवण घेऊन निघाली, तर आजोबांनी दारातच अडवलं. "आपल्या घरातल्या सुना सायकल चालवत न्हाईत."

आई म्हणाली, "मामंजी, चालत आणलेली भाकरी गार व्हती. तुमीच काल बोलला." आणि पायडल मारलं!

आजोबा मागून चालत शेतात पोचले. बांधावर बसून भाकरी मोडली. मग म्हणाले, "चाकात हवा कमी हाय."

*

आणि मग तो सोमवार. सकाळी सातलाच काकांची पोस्ट आली.

"तालुक्यातल्या कितीतरी मुलींना मी दहावीला बसवलं. घरातल्या मुलीची शाळा मात्र मीच बंद केली. सुशी सातवी पास झाली होती. आमचे वडील पुढं शिकवायला तयार होते. मी नुकताच मास्तर झालो होतो, माझं वजन होतं. मी नको म्हणालो."

सगळ्यांच्या निळ्या टिक्स पडल्या. आत्याच्या नावाखाली 'टायपिंग' दिसायचं आणि जायचं. शेवटी ते थांबलं.

अकराच्या सुमारास आत्या जीपमधून लोहाऱ्यात उतरली. मी काकांच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. काका उभे राहिले. म्हणाले, "ये."

आत्या बसली नाही. पिशवीतून एक कागद काढला आणि त्यांच्यापुढं धरला.

"बाहीरून दहावीला बसायलेय म्या. फॉर्म हाय. हितं पालकाची सही लागती म्हनं."

"या वयात तुला पालक कशाला लागतोय?"

"त्या वयात लागला व्हता की."

काकांनी पेन घेतलं. सही केली. अक्षर तेच, फळ्यावरचं. मग पुढच्या चौकटीशी अडले. "विद्यार्थ्याशी नातं," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि आत्याकडं बघितलं.

आत्या म्हणाली, "लिवा. अडवणारा."

काकांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. आणि टपोऱ्या अक्षरात जसंच्या तसं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ-बहीण मिळून नवा फॉर्म आणायला गेले!