आईचे नवे डोळे

आईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू इतका पिकला होता की ती आम्हाला आवाजावरून ओळखायची. ऑपरेशन करायचं म्हटल्यावर नातलगांनी खोडा घातला. एक जण तर तिच्यासमोरच म्हणाला, "नव्वदी पार झाली. आता काय पाह्यचं राह्यलं तिले?"

आई म्हणाली, "तुयं तोंड लई दिवसात नाई पाह्यलं. तिथूनच सुरुवात करीन."

चंद्रपूरला एकामागून एक दोन्ही डोळे झाले आणि राजुऱ्याच्या आमच्या घरातली शांतता संपली. पंख्याच्या पात्यांवरची धूळ तिला दिसली, कपाटामागचं जाळं दिसलं, मग मी दिसले.

"काऊन वं, केस कधी पिकले तुये? सांगतलं नाई मले!"

"आई, मी रिटायर झाले."

"तरी सांगाव लागते."

मग माझ्या नवऱ्याकडे निरखून बघत तिने मला कानात विचारलं, पण अख्ख्या घराला ऐकू जाईल असं, "जवाई चांगला उंचपुरा होता ना? मंग हा कोन हाय?" पुढचे कितीतरी दिवस नवरा घरात छाती काढून चालत होता.

आठवडाभरात घर बघून संपलं आणि तिने बहिणीकडे नेण्याचा हट्ट धरला. माझी ही मोठी माय, म्हणजे आईची थोरली बहीण, धानोऱ्याच्या पुढे त्यांच्या माहेरच्याच खेड्यात मुलासुनेजवळ राहते. तिला ऐकू येत नाही, आईला दिसत नव्हतं. त्यामुळे गेली काही वर्षं दोघी भेटल्या की हात धरून नुसत्या बसून राहायच्या.

डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटल्यावर हिवाळ्यातल्या एका सकाळी आम्ही तिघं गाडीने निघालो. आई हट्टाने पुढच्या सीटवर बसली. लग्नानंतर प्रौढांच्या वर्गात ती अक्षरं शिकली होती. ती सगळी तिने त्या दिवशी वापरून घेतली. टायरवाल्याची पाटी, दवाखान्याची पाटी, निवडून न आलेल्या उमेदवाराचं फाटकं पोस्टर, सगळं मोठ्याने. मूल गावाच्या अलीकडे जंगलात ती ओरडली, "वन्य प्राण्यांपासून सावध राहा! कुठी हाय प्रानी?" रस्त्याकडेला माकडांचं टोळकं दिसलं तेव्हा तिने त्यांना नमस्कार केला.

मोठी माय अंगणात उन्हाला बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आई फाटकातच थबकली. तिचा चेहरा उतरला.

"माय!" ती म्हणाली. "मायी माय बसून हाय तिथी."

मी तिचा दंड धरला. ती हळूहळू बाजेपाशी गेली, बहिणीच्या गालावरून हात फिरवला, आणि एकदम खो खो हसत सुटली. "थे तं तूच हायस वं! एवढी बुढी कधी झाली?"

मावसभावाने तो प्रश्न मोठ्या मायच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितला. मोठी माय बोळक्या तोंडाने हसली. "मंग काय तुयासाठी जवान राहू? तू नोको पाहू सवताले, भेशील!"

दोघी हसता हसता एकमेकींच्या अंगावर कलंडल्या. सोललेले दाणे सांडले, कोंबड्यांनी टिपले.

जेवणं झाल्यावर दोघींना घरामागचा तलाव बघायचा होता. लहानपणी त्यांनी तिथे शिंगाडे काढले होते. काठ्या टेकत गेल्या. पाण्यावर शिंगाड्याची पानं पसरली होती. "लाल कमळ दिसून राह्यलं मले!" म्हणत आई सरळ पाण्यात उतरली. तिला अडवायला मोठी माय उतरली. तिचा पाय चिखलात सरकला, तिने आईचं लुगडं धरलं आणि दोघी घोटाभर पाण्यात फतकल मारून बसल्या.

मी किंचाळले. हाडं, हाडं, एवढंच माझ्या डोक्यात. नवरा धावला, आईचा हात धरून ओढू लागला आणि तोही बदकन बसला.

"जवाई पयल्यासारखा नाई राह्यला," आई म्हणाली.

मोठ्या मायला ते ऐकू गेलं नाही, पण जावयाचं तोंड बघून ती इतकी हसली की तिला उठवताच येईना. शेवटी भावजयीने घरून प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणवल्या. त्यांवर बसवून गावातल्या पोरांनी दोघींना उचललं, आणि ती वरात घरी आली. आई वाटेत भेटेल त्याला हात हलवत होती.

शेकोटी, कोरडी लुगडी, आल्याचा चहा. कोणाचं काही मोडलं नव्हतं. डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी विचारलं, डोळ्यांत पाणी गेलं का? मी म्हटलं, गेलं नाही, हसून हसून आलं तेवढंच.

आई माझ्याबरोबर परत आली नाही. "तुयं घर पाहून झालं," म्हणाली. पुढे तिने भाच्याच्या मागे लागून गडचिरोलीहून बहिणीसाठी कानाचं यंत्र आणवलं. ते लागल्यावर मोठ्या मायने आधी मला फोन केला.

"तुयी माय सकाळपासून बडबडून राह्यली. एवढी बोलते थे, मले मालूम नव्हतं. काढून ठेवू काय हे मशीन?"

मागून आईचा आवाज आला, "ठेवून तं पाह्य!"