रेडिएटरला लागलेली उष्टी हळद

माझ्या अंगाला आयुष्यात दोनदा हळद लागली. पहिल्यांदा माझ्या लग्नात, आणि दुसऱ्यांदा एका ट्रकच्या रेडिएटरमधून. दोन्ही वेळा बायको तीच होती, आणि दोन्ही वेळा ती रडत होती. (पहिल्यांदा माहेर सुटणार म्हणून. दुसऱ्यांदा, आता माहेरी तोंड कसं दाखवू म्हणून!)

तेव्हा मोबाईल नुकते कुठे सगळ्यांच्या खिशात आले होते. माझा धाकटा मेहुणा नितेश याचं लग्न होतं. माझं सासर भिवंडीजवळच्या टेमघरचं, आणि नवरीचं गाव वाडा रोडला बरंच आत. सासरच्या आगरी रिवाजाप्रमाणे आधी नवऱ्याला हळद लागते. मग त्याच्या अंगाची उरलेली, म्हणजे उष्टी हळद, वाजतगाजत नवरीकडे न्यायची. ती पोचल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि नवरीचा बाप मोठा कडक माणूस. त्याने आधीच बजावलं होतं, "दिवस मावलायच्या आत हलद आली पायजे. नाय आली तर मंग तुमी तिकडं, आमी इकडं!"

हळद न्यायला थोरले मेहुणे बाळारामदादा यांचा ट्रक काढला. एरवी त्यात कापडाचे तागे जायचे, आज नटलेल्या बायका निघाल्या. जावई या नात्याने गाडी सजवायचा मान मी मागून घेतला. झेंडूचा एक भलाथोरला हार मी ट्रकच्या तोंडावर चढवला. त्याचं खालचं टोक सारखं फडफडत होतं. बंपरमागे हात घातला तर एक छोटीशी पितळी काडी हाताला लागली, जणू हार बांधायलाच कोणी ठेवलेली! सुतळी घेतली आणि हाराचं टोक त्या काडीला करकचून बांधून टाकलं.

गाडीतल्या मंडळींची ओळख करून देतो. स्टिअरिंगवर बाळारामदादा. बोलायचे कमी आणि जावयाचा शब्द खाली पडू द्यायचे नाहीत (हेच पुढे नडलं). मागे हौद्यात माझी बायको सुरेखा आणि तिच्या समस्त चुलत्या, माम्या, आत्या. त्यांच्या मधोमध धवलारीण हिराबाय. आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारणीचा शब्द चालतो. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, तिने म्हटल्याशिवाय कुठलाच विधी पुरा होत नाही. तिच्या मांडीवर लाल फडक्याने झाकलेली पितळी वाटी, आणि वाटीत ती हळद. आणि केबिनमध्ये दादांच्या शेजारी, इंजिनातलं सगळं कळणारा एकमेव माणूस, म्हणजे मी. मी बँकेत कारकून होतो, पण एकदा घरची स्कूटर स्वतःच्या हाताने संपूर्ण उघडली होती. (ती परत जोडायला मेकॅनिकला बोलवावं लागलं, हा भाग वेगळा.)

भिवंडीतून बाहेर पडायलाच जीव मेटाकुटीला आला. निजामपुऱ्याच्या अलीकडे असा ट्रॅफिक तुंबला होता की हातगाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. तेवढ्यात दादा डॅशबोर्डवरच्या इंजिनाच्या उष्णतेच्या काट्याकडे बघत म्हणाले, "भावोजी, काटा चढाला लागला."

"काटाच बिघडला असेल," मी म्हणालो.

माझा मोबाईल वाजला. नवरीचा बाप! "कुठपरत आलाव?"

"हे काय, पोचलोच!" मी म्हणालो. आमच्या समोर एक बैल रस्त्यात बसला होता.

शहर सुटलं, रस्ता मोकळा झाला, आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. एका बाजूला बंद गोदामं, दुसऱ्या बाजूला एक पंक्चरवाला, बाकी सगळा उजाड माळ. अशा जागी दादांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून हाराकडे बघत उभे राहिले.

"भावोजी, हार काढू का? इंजिनाला हवा लागत न्हाय."

माझ्या काळजाला घरं पडली. सकाळपासून खपून केलेली सजावट! "दादा, मंगल कार्याचा हार मध्येच उतरवतात का? अपशकुन होईल. हवेचा काही संबंध नाही. इंजिनावर लोड आलाय!"

"कसला लोड?"

मी नुसतं मागे, हौद्याकडे पाहिलं.

माझ्या चुलत सासूबाईंनी वरून ऐकलं. "लोड कोनाला म्हनतंव रं जावया?"

तरीही जावयाचा शब्द! सगळ्या बायका शालू सावरत, एकमेकींच्या खांद्यांना धरत खाली उतरल्या. उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. गाडी जराही थंड झाली नाही. मोबाईल पुन्हा वाजला, तो मी कट केला.

शेवटी दादांनी चिंधी धरून सावकाश झाकण उघडलं. रेडिएटर जवळजवळ रिकामा! पंक्चरवाल्याने ट्यूब बुडवायच्या टबातलं पाणी दिलं. ते ओतता ओतता तो खाली वाकून म्हणाला, "अंकल, ऊपर से डाल रहे हो, नीचे से टपक रहा है."

(अंकल! मी तेव्हा चाळिशीतसुद्धा नव्हतो. केस तेवढे वेळेआधी गेले होते.)

खाली खरंच टपटप चालली होती. दादा म्हणाले, "बघतू जरा खालून," आणि ते गुडघ्यावर बसणार, इतक्यात मला स्फुरण चढलं. चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरकडून ऐकलेली युक्ती नेमकी आठवली.

"दादा, कपडे खराब करू नका! रेडिएटर गळत असला की ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकतात. बारीक भोक असेल तर बुजतं. खरं की नाही?"

"टाकतात खरा," दादा म्हणाले. "पन हलद आनाची कुठून?"

मी माळावर चहूकडे पाहिलं. वडापावची एखादी गाडी असती तरी चिमूटभर मिळाली असती. मी वळलो. हिराबायने वाटी पदराआड घेतली.

"ह्याचा नाव बी काढू नको जावया! उष्टी हलद हाय. नवरीच्या अगोदर दुसऱ्या कोनाच्या अंगाला लागली न पायजे."

"हिराबाय, रेडिएटरला कुठे अंग असतं? दोनच चमचे! नाहीतर पुरी वाटी घेऊन इथेच बसायचं का रात्रभर?"

मोबाईल वाजला. या वेळी उचलावाच लागला. "सूर्य डोंगराला टेकला! हलद कुठं हाय?"

"हातातच आहे!" मी ओरडलो. आणि खरंच होती, कारण बोलता बोलता मी ती हिराबायच्या हातातून घेतली होती.

बंपरवर चढलो. डाव्या हातात वाटी, उजव्याने दोन चमचे आत. झाकण वर ठेवलं आणि एका हाताने जेवढं फिरतं तेवढं फिरवलं. "दादा, स्टार्ट करा! रेस द्या!"

"झाकन घट्ट लावलाव ना?"

"लावलं हो! द्या रेस!"

दादांनी रेस दिली. जावयाचा शब्द!

आतून आधी गुडगुड आवाज आला. मग झाकण उडालं, आणि पिवळ्या पाण्याचं कारंजं थेट माझ्या छातीवर! नुकतंच टबातलं पाणी भरलेलं म्हणून ते कोमट होतं, नाहीतर हे लिहायला मी उरलो नसतो. दचकून मी दोन्ही हात वर केले, आणि डाव्या हातातली वाटी बरोबर माझ्या टकलावर उपडी झाली.

मी बंपरवरून उतरलो. बूट पिवळे, पँट पिवळी, मिशी पिवळी. सुरेखा रडायला लागली. पंक्चरवाला खाली वाकला आणि आनंदाने ओरडला, "अंकल! टपकना बंद हो गया!"

गाडी दुरुस्त झाली होती. फक्त ती जिच्यासाठी निघाली होती ती हळद संपली होती. मला खरोखर रडू यायला लागलं. माझ्या हुशारीपायी नितेशचं लग्न मोडणार, तिकडे एक पोरगी पाटावर ताटकळत बसून राहणार, आणि मला सासरचं दार कायमचं बंद होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी डोळे पुसायला हात वर नेला.

"हात खाली!" हिराबाय गरजली. "पुसाचा न्हाय! हलद कुठं गेली न्हाय, जावयाच्या डोक्यावर हाय. जावई काय दुसरा कोनी न्हाय, घरचाच! हिला अशीच न्याची!"

हिराबायचा हुकूम! दादांनी पुन्हा पाणी भरून झाकण स्वतः घट्ट लावलं, आणि मला हौद्यात मधोमध उभं केलं. बसायचं नाही, टेकायचं नाही, खाजवायचं नाही, घाम तर अजिबात गाळायचा नाही! एक मामी पदराने माश्या वारत होती, एक आत्या टकलावर छत्री धरून होती. हिराबायने तर माझ्यावर नवा धवला रचून म्हणायला सुरुवात केली, आणि बाकीच्या हसत हसत तिच्यामागे म्हणू लागल्या. सुरेखानेसुद्धा डोळे पुसता पुसता सूर धरला. मागून येणारा एक टेम्पोवाला मला हात जोडून पुढे गेला. गाडीचा काटा मात्र गावापर्यंत जागचा हलला नाही.

आम्ही मांडवाशी पोचलो तेव्हा सूर्याची शेवटची कड डोंगरावर शिल्लक होती. नवरीचा बाप तणतणत पुढे आला. बायकांच्या गराड्यात उभा असलेला, नखशिखान्त हळद लागलेला माणूस त्याने पाहिला आणि त्याचा आवाजच बसला.

"नवरा सोताच आला?" मग बायकोकडे वळून हळूच म्हणाला, "फोटूत तर केस व्हते ना गो?"

दादांनी कशीबशी समजूत घातली. हिराबायने मला नवरीसमोर गुडघ्यांवर बसवलं आणि मुंडी खाली घालायला लावली. आंब्याच्या पानाने तिने टकलाच्या अगदी मधली, रेडिएटरचं पाणी न लागलेली हळद अलगद उचलली आणि नवरीच्या गालाला लावली. माझं टक्कल मंगल कार्याच्या उपयोगी पडलं ते त्या एकाच दिवशी. नवरीला हसू आवरेना, तिचं बघून तिचा बापही हसला, आणि मी जमिनीकडे बघत मोठा सुस्कारा सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाच्या गडबडीत दादांना एकदाची सवड मिळाली आणि ते ट्रकखाली शिरले. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. तीनदा साबण लावूनही मी पिवळाधमक होतो, पण गाडी दुरुस्त करणारा जावई म्हणून आल्यागेल्याकडून चहा येत होता. थोड्या वेळाने दादा बाहेर आले. त्यांच्या हातात सुकलेल्या हाराचं टोक होतं.

"भावोजी, रेडिएटर फुटला नव्हता. पानी सोडाची जी तोटी असते, तिच्या काडीला कोनीतरी सुतली बांधलेली. हार हलला का तोटी उघडाची. काल हलदीचा गोला तिच्यात अडकला म्हनून गलती थांबली. मी दोन बोटांनी बंद केली." त्यांनी हाराचं टोक माझ्यासमोर धरलं. "कोनी बांधली असंल?"

अंगणातल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहाचा कप शांतपणे खाली ठेवला.

"दादा," मी म्हणालो, "हळद लागलेल्या माणसाला कामाचं काही विचारत नसतात." आणि आत जाऊन पांघरूण घेऊन झोपलो.