साबणाचा वास

आमच्या रेणापूरकडच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी पोरांचे हात बघत नाहीत, हुंगतात. साबणाचा वास आला तरच ताटात खिचडी पडते. नाहीतर, "वास यिना. पळ नळावर!" मी तिथला गुरुजी, पण माझाही खडूचा हात त्यांनी पोरांदेखत परत पाठवलाय. पोटदुखीनं घरी राहणारी पोरं मात्र आता वर्गात दिसतात.

उन्हाळ्यात मावशींच्या लेकीचं लग्न झालं. पंगतीत त्या स्वतः बुंदीची बादली घेऊन निघाल्या. पहिलेच बसले होते नवरदेवाचे वडील. "बास, बास," म्हणत त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला आणि मावशींनी सवयीनं तो उचलून हुंगला.

"तंबाखू! पळा नळावर."

मावशींच्या तोंडचं पाणीच पळालं. व्याही सावकाश उठले. आता वऱ्हाड उपाशीच परत जाणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी आपला हात नाकाशी नेला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "नळ कुटं हाय?"

त्यांच्यामागं अख्खी पंगत उठली. नळावर ही रांग लागली.

मला रांगेत थांबावं लागलं नाही. मावशींनी बादली उचललेली दिसली, तेव्हाच मी नळ गाठला होता.