रेवसच्या लाँचमधली बाई

रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचमध्ये ती माझ्यासमोर बसली होती. पायाशी सुक्या बोंबलांची पाटी होती. लाँच हलू लागली, तशी माझी चार वर्षांची लेक घाबरून रडत मला बिलगली आणि मी तिचा हात झटकला.

झटकला आणि मीच दचकले. "माझी आई असंच करायची," तोंडातून निघून गेलं. "तिला मनाचा आजार आहे. तिलाच भेटायला चाललेय."

"माझी आय बी डोक्यानं आजारी होती," ती म्हणाली. "तिनं कधी जवळ घेतलं न्हाय. पोर झाली तेव्हा तिला कसं धरायचं तेच मला ठावं नव्हतं. शेजारणीला बघून शिकले. शिकता येतं, बाय."

तिनं माझा हात लेकीच्या पाठीवर ठेवला, वर आपला खरखरीत हात ठेवला आणि लेक झोपेपर्यंत सावकाश थोपटत राहिली.

धक्क्यावर ती गर्दीत दिसेनाशी झाली. नावही विचारलं नाही.

दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदा आईला जवळ घेतलं. ती आधी ताठ उभी राहिली. मग हळूच तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.