पायरीवर उतरवलेलं कातडं

जुन्नरच्या पेठेतल्या दलीचंद शेठजींच्या तांब्यापितळेच्या दुकानाला एक नियम होता. तो त्यांच्या वडिलांनी मारवाडातून येताना बरोबर आणला होता. चामडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. गिऱ्हाईक चपला खाली काढी. कमरेला चामड्याचा पट्टा असलेल्या माणसाला बाहेरच्या बाकावर बसवून हंडा दाखवला जाई. आणि मोडीत घालायला कुणी नगारा किंवा संबळ आणलं, तर त्याने ते पायरीवर ठेवायचं, आपल्या हाताने चामड्याच्या वाद्या कापायच्या, कातडं उतरवायचं आणि तांब्याचं नुसतं भांडं आत द्यायचं. कातडं ज्याचं त्याने न्यावं, असा संकेत होता. बहुतेक जण ते गटारीत टाकून जात. शेठजी त्या वेळी तराजूकडे पाहत.

अशी भांडी थोडीथोडकी आली नाहीत. देवळादेवळांत विजेवर चालणारे नगारा-घंटेचे संच बसले, बटण दाबलं की आरतीचा ठेका सुरू होऊ लागला आणि खरे नगारे अडगळीत गेले. अवसरीकडून आले, घोडेगावच्या वरच्या अंगाने आले, मढच्या पलीकडच्या वाड्यांतून आले. मोडीच्या भावाने घेतले जात आणि पुण्याला वितळायला जात. जे विकलं जाई ते तांबं होतं. त्यात शेठजींना वावगं काही वाटलं नाही.

पुढे शहरातल्या लोकांना जुन्या वाद्यांचा नाद लागला. शेठजींच्या मुलाने, कल्पेशने, तो वारा आधी ओळखला. सुरुवातीला हॉटेलवाले येत. त्यांना चिंचेने घासून लखलखीत केलेला नगारा हवा असे, वर काच ठेवून टेबल करायला. दोन वर्षांत लखलखाट गावंढळ ठरला. आता काळं पडलेलं, हिरवट थर चढलेलं तांबं हवं. घासलेल्या मालाला कुणी विचारीना, आणि कल्पेश पश्चात्तापाने घरच्या बायकांना चिंच लपवायला सांगू लागला. मग एकट्या संबळाचा भाव कोसळला, जोडीचा चढला. शेवटी संग्राहक नावाची जात अवतरली आणि तिने सांगितलं, कातडं नसलेलं वाद्य म्हणजे नुसती कढई. कातडं मूळचं हवं, त्यावर हळदकुंकवाचे डाग हवेत, टिपऱ्यांचे घाव हवेत. त्याला मोडीच्या वीसपट भाव होता. वाजतं का, हे मात्र कुणी विचारत नसे.

माळ्यावर वितळायला न गेलेला एक मोठा नगारा राहिला होता. कल्पेशने मागच्या गाळ्यात त्यावर बकऱ्याचं नवं कातडं चढवून घेतलं. आठवडाभर ते शेणीच्या धुरावर धरलं, तेल-काजळी चोळली, कुंकू माखलं आणि वर खिळ्याने घाव घातले. शेठजी एकदा गाळ्यात डोकावले. तो वास त्यांच्या नाकात असा बसला की दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. त्यांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी, ताट मागे नेताना एवढंच म्हटलं, की मुलगा कमावतो आहे, बोलू नका.

ते बोलले नसतेही. पण रविवारी नगारा बघायला पुण्याचे एक संग्राहक पाहुणे येणार होते आणि कल्पेशला बापाकडून एक वाक्य हवं होतं. गादीवर बसायचं आणि म्हणायचं, हे कातडं शंभर वर्षांचं आहे. तुमच्या शब्दावर अख्खा तालुका विश्वास ठेवतो, असं तो म्हणाला. हेच शेठजींना सर्वांत घाणेरडं वाटलं. आयुष्यभर राखलेला शब्द आता काजळीसारखा वरून चोळायला हवा होता.

रविवारी पाहुणे आले. तलम खादीचा सदरा, हातात मोबाइल, बोलणं मऊ. त्याच वेळी बाहेरच्या बाकावर हौशीराम बसला होता. मढच्या पलीकडच्या वाडीत पूर्वी देवळाचा नगारा वाजवणारा हा माणूस नातीला, श्रेयाला, लग्नात द्यायची घागर बघायला आला होता. कल्पेशने नगारा आत आणून गादीशेजारी ठेवला. आत, उंबऱ्याच्या आत.

हौशीरामने मान लांब करून पाहिलं.

"शेठ, तुमच्या दुकानात कातडं? आता कोंबडी कवा शिजायची?"

कल्पेशने त्याच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाची बोलती बंद झाली असती. हौशीराम मात्र नगाऱ्याच्या काठावरचा चेपलेला भाग न्याहाळत होता आणि ओळखत होता. पाहुण्यांनी कातड्यावरून अलगद बोट फिरवलं, बोटाला लागलेलं कुंकू कौतुकाने पाहिलं आणि अदबीने विचारलं, हे मूळचंच ना?

"सांगा ना पप्पा," कल्पेश म्हणाला.

शेठजींनी घसा खाकरला. "कातडं नवं आहे. मागच्या महिन्यात चढवलं. जुनं या हौशीरामने आमच्या पायरीवर कापलं होतं. मी कापायला लावलं होतं. आम्ही चामडं आत घेत नाही."

कल्पेशचा चेहरा उतरला. शेठजींना हलकं वाटलं. व्यवहार मोडला होता आणि शब्द राहिला होता.

पण पाहुणे उजळले.

"अहो, ही तर त्याहून भारी गोष्ट आहे! जैन पेढी, पायरी, देवाच्या नगाऱ्याचं कातडं उतरवणं... असं माझ्या संग्रहात काहीच नाही." त्यांनी कल्पेशला बाजूला घेऊन सांगितलं, की नवं कातडं काढून टाका, नुसतं भांडं द्या, ठरल्यापेक्षा जास्त देतो, फक्त बाबांनी हेच एकदा मोबाइलसमोर सांगावं आणि या आजोबांनी पायरीवर सुरी घेऊन बसावं. कल्पेशच्या चेहऱ्यावर रंग परतला. तो बापाकडे असा पाहू लागला, जणू बापाने हे सगळं ठरवूनच केलं होतं.

हौशीराम बाकावरून उठला. सुरी घेऊन बसायला तो तयार नव्हता. "शेठ," तो हळूच म्हणाला, "खरं बोलला, तर ते बी इकलं गेलं की."

शेठजींनी ओठ घट्ट मिटून घेतले. मोबाइल समोर धरला गेला तरी ते तसेच बसून राहिले.

"छान, असंच," पाहुणे म्हणाले. "गप्प बसलेले जास्त चांगले दिसताहेत."

तेव्हा शेठजी गादीवरून उतरले. गुडघ्यावर हात टेकत, कुणाचा आधार न घेता. कल्पेश हाका मारत होता. त्यांनी मागे पाहिलं नाही. हौशीरामला त्यांनी घागर दुसऱ्या दुकानातून घे असं सांगितलं आणि दुकानाचं नावही सांगितलं. मग समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला आणि चूळ भरली. काय खाल्लंत शेठ, असं टपरीवाल्याने विचारलं. काही नाही, म्हणून त्यांनी पुन्हा चूळ भरली, आणि पुन्हा.